नऊ बाटल्यांची टाकी

माझ्या मोबाईलमध्ये एका माणसाचा फोटो आहे. त्यात त्याचा चेहरा नाही आणि नाव मी विचारलंच नाही.

नगरहून रेल्वेनं कोपरगावला निघालो होतो. उन्हानं डबा तापलेला, सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या. समोर पांढऱ्या मिशांचे एक बाबा होते, एकेकाळी वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन. बेलापूर स्टेशन येताच उठले. "आना बाटल्या!" नऊ बाटल्या उपरण्यात बांधून पाठीवर घेतल्या आणि फलाटावरच्या नळाकडे धावले.

सातवी भरताना गाडीनं शिट्टी दिली. आम्ही खिडकीतून ओरडलो, "बाबा, राहू द्या! या!" त्यांनी निवांत आठवी नळाखाली धरली. नववी भरली तेव्हा गाडी हललीच. मग काय, पाठीवर बाटल्या उड्या मारतायत, तोंडानं "भकभक भकभक" चाललंय, असे ते पळत आले. चौघांनी दंड धरून आत ओढलं. डबाभर हशा आणि टाळ्या!

"अर्ध्या टाकीवर कोन निघतं का?" पाठीवरचं गाठोडं न उतरवताच ते धापा टाकत म्हणाले. "कोळसा संपला तर इंजिन नुसतं थांबतं. बॉयलरातलं पानी संपलं तर फुटतं! आन ते पानी वाहतं कोन? इंजिनामागं जोडलेली टाकी. पन फोटू समदे इंजिनाच्या तोंडाचा काढत्यात."

मी हसत मोबाईल काढला. "बाबा, इकडं बघा."

बाबा ताठ उभे राहिले आणि झटकन पाठ फिरवली.

"काढा," म्हणाले. "टाकी मागं हाय."