सोबत आलेली बाई

चंद्रपुरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक होते, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे दारूवाले आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारेच जास्त. नाकानं ओढायचं ते कोकेन कोणी पाहिलं होतं? म्हणून घुग्घुसचा एक ट्रकांचा ठेकेदार कोकेनपायी आला तेव्हा सगळेच त्याच्याभोवती गोळा झालो. त्याला त्याचा भाऊ घेऊन आला होता. बायको मागे उभी.

पेशंटला टेबलासमोरची खुर्ची, सोबत आलेल्या बाईला भिंतीकडचा बाक, ही आमची रीतच. बाईला विचारायचं ते फक्त नवऱ्याबद्दल. किती घेतो, मारतो का, जेवतो का. ती सगळं नीट सांगत होती आणि मधूनमधून नाक पुसत होती. सर्दी झाली का, मी विचारलं.

"धूळ हाय न जी, म्याडम. घुग्घुसात सगळ्याइचंच नाक वाहते."

ते खरंच आहे. कोळशाच्या त्या गावात कोरड्या नाकाचा माणूस दिसला तर उलट त्याचीच चौकशी करावी. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

चार महिन्यांत नवरा सुधारला, घरच्यांनी पेढे आणले. पुढच्या आठवड्यात ती एकटीच बसने आली. गाल बसलेले, नाक अजून वाहत होतं. पहिल्यांदा नवऱ्यानंच दिलं, म्हणाली. तो कित्येक वर्षं घेत होता, हिची दशा दीड वर्षातच झाली. तो नुसता चिडायचा, भांडायचा. हिला झोप नव्हती, छातीत धडधडायचं आणि दिवसभर रडू यायचं.

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी मले इचारलंच नाई न जी."

मला तिच्याकडे बघवेना. आमच्याकडे बायकांसाठी एकही खाट नव्हती. नागपूरच्या केंद्रासाठी चिठ्ठी दिली, तर म्हणाली, "घरी काय सांगून जाऊ?" कोणाला कळवणार नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि गेली. नागपूरला ती पोचलीच नाही, हे मला फोन केल्यावर कळलं.

दोन महिन्यांनी नवरा भावासोबत तपासणीला आला. बायको गेली, म्हणाला. स्वयंपाक करता करता छातीत कळ आली.

"एवढी तरणी बाई," भाऊ हळहळला. "तिले तं सुपारीचंबी व्यसन नव्हतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"नव्हतं," तो म्हणाला.

मी गप्प बसले. तिला शब्द दिला होता, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे तोंड उघडलं असतं, तर पहिल्या दिवशी तिचं वाहतं नाक पाहून मी काय केलं, तेही सांगावं लागलं असतं.