मामांचं गाव आणि एक्स्प्रेसचा थांबा

जगाचा इतिहास एका रेल्वे फाटकापाशी सुरू झाला, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. तंजावूर आणि पापनाशमच्या मध्ये, भाताच्या शेतांत, एक लहानसं गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण लग्नाकार्याला मला अजून तिथे जायचं असतं. मामांना मराठी बोलता येतं, पण आमच्याकडच्या बहुतेकांप्रमाणे त्यांनाही ते वाचता येत नाही. या एका गोष्टीच्या बळावरच मी हे लिहायला बसलो आहे.

आम्ही तंजावूरचे मराठी लोक. आमच्यातला कुणीही मनुष्य कापीचा, म्हणजे कॉफीचा, दुसरा घोट घेण्याआधी राजेमहाराजांवर येतो. माझे वडील यायचे, मीही येतो. मामा मात्र कधी आले नाहीत. "राजे आले, राजे गेले," ते म्हणायचे, "गाडी रोज येत्ये की नाही, सांगा!" तंजावूरला ते 'आमच्या पुढचं स्टेशन' म्हणतात. एकदा पुण्याहून आलेल्या माझ्या एका मित्राने त्यांच्यासमोर मोठ्या देवळाच्या शिखराचं वर्णन सुरू केलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "सरि, सरि, बरोबर, उंच आहे. पण तिथून सिग्नल दिसतो काय?" मामांना वादात हरवणं यामुळेच अशक्य आहे की वाद कशाबद्दल चालला आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

गावाचा इतिहास म्हणजे स्टेशनचा इतिहास, आणि तो गावात घरटी एक आहे. गिरणीमालक सांगतात की त्यांच्या आजोबांनी भाताची पोती रुळांवर टाकून इंग्रजांची गाडी थांबवली, म्हणून इथे स्टेशन झालं. स्टेशनसमोरच्या कापीच्या हॉटेलवाल्याच्या मते गोरा गार्ड त्याच्या पणज्याच्या कापीवर असा लुब्ध झाला की त्याने शिट्टी वाजवायचीच सोडली. मामा या दोघांनाही 'गप्पिष्ट' म्हणतात आणि मग खरा इतिहास सांगतात. तो असा, की रूळ टाकणारा गोरा इंजिनीयर मामांच्या आजोबांच्या घरी जेवायला आला. आजीने डांगर, अंबटभाजी आणि पुरणपोळ्या वाढल्या. साहेब चौथ्या पोळीनंतर ओसरीवर आडवा झाला तो संध्याकाळी उठला, आणि उठल्यावर म्हणाला की या गावात गाडी थांबलीच पाहिजे, कारण मनुष्याला इथून पुढे जाववत नाही. मामी हे ऐकताना चुलीकडे तोंड करून म्हणतात, "माझ्या लग्नात तो साहेब दोनच पोळ्या खात होता. इतक्या वर्षांत त्याची भूक वाढली." मामा मामींना इतिहासाचं अंग नाही म्हणून क्षमा करतात.

रुळांनी गावाचे दोन भाग केले आहेत. फाटकाच्या अलीकडच्यांना पलीकडचे लोक अडाणी वाटतात, पलीकडच्यांना अलीकडचे गर्विष्ठ. आणि दोघांचंही बरोबर आहे. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना टू-व्हीलर, ऑटो, गवताच्या गाड्या आणि एक टाउन बस अशी दाटी होते आणि गावाचं खरं आयुष्य तेवढ्या वेळात उरकतं. सोयरिकी तिथे जुळतात, मोडतात, कुणाच्या सुनेने कुणाला काय उत्तर दिलं ते स्वरासकट ऐकायला मिळतं. मामांचं घर फाटकाला लागून. गिरणीतल्या मॅनेजरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते ओसरीवर बसून या गर्दीवर अध्यक्षासारखी नजर ठेवतात. फाटक उघडलं की त्यांचा चेहरा उतरतो. लोक आपापल्या कामाला जातात हे त्यांना उठवळपणाचं वाटतं.

दुपारी चेन्नईहून येणाऱ्या एक्स्प्रेसला हजर राहणं हा त्यांचा नेम. इस्त्रीची वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं लुंगीसारखं धोतर, खांद्यावर अंगवस्त्र, कपाळाला ताजं गंध. गाडी मिनिटभर थांबायची. मामा इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत नजर फिरवायचे आणि गाडी सुटली की मत द्यायचे, "आज ब्रेक मऊ लावला. शिकलेला मनुष्य दिसतो." किंवा, "धक्का दिला. कुंभकोणमचा असेल." चढणारे बहुधा कुणी नसत. उतरणारेही नसत. आणि खुद्द मामांना तंजावूरला यायचं झालं तर ते बसने येत. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. "माप्पिळ्ळे," ते म्हणाले. जावयाला आमच्याकडे असा तमिळ मान देतात आणि मग अपमान करतात. "माप्पिळ्ळे, देवळात जाता तेव्हा देवाच्या खांद्यावर बसता काय?"

मग एक दिवस बातमी आली की एक्स्प्रेसचा तिथला थांबा काढायचं घाटतं आहे. गाव पेटलं. फाटकाच्या दोन्ही बाजूंचे लोक जन्मात पहिल्यांदा एका मांडवात बसले. गिरणीमालकांनी इतिहास सांगितला, हॉटेलवाल्याने इतिहास सांगितला, आणि दोघांची जुंपल्यावर मामांनी उठून तिसरा इतिहास सांगितला. पुरणपोळ्यांचा आकडा त्या दिवशी सातावर गेला. शेवटी ठरलं की चौकशीला येणाऱ्या साहेबांपुढे गावातर्फे मामांनीच बोलायचं. सभा संपली आणि सगळे बस पकडायला धावले, कारण त्या दिवशी पापनाशमला बाजार होता.

साहेब आले ते जीपने. तरुण, सभ्य, घामाघूम झालेला मनुष्य. मी रजा काढून गेलो होतो, बायकोने बजावलं होतं, "मामांना फार बोलू देऊ नका." प्लॅटफॉर्मवर खुर्च्या मांडल्या होत्या. मामांनी गोऱ्या इंजिनीयरपासून सुरुवात केली. साहेबांनी ओसरीवरच्या झोपेपर्यंत धीर धरला, मग तमिळमध्ये हळूच विचारलं, "अय्या, तुम्ही या गाडीने कितीदा जाता?"

"मी कशाला जाऊ?" मामा चकित झाले. "मी इथेच राहतो."

"बरं, गावातलं दुसरं कुणी?"

मामांनी मागे वळून पाहिलं. गिरणीमालक छताकडे बघत होते. त्यांची मोटार बाहेर उभी होती. हॉटेलवाला पेले गोळा करायला लागला.

"मग ही गाडी इथे कुणासाठी थांबवायची, अय्या?" साहेबांनी विचारलं. त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

मामांनी अंगवस्त्राने तोंड पुसलं. त्यांच्या तोंडून मोठा आवाज येईल म्हणून मी तयार होतो. ते इतकं हळू बोलले की साहेब खुर्चीतून पुढे वाकले. "माझी लेक येत्ये," ते म्हणाले. "चेन्नईला नोकरी आहे. पोंगलला येत्ये, दिवाळीला येत्ये. इतर दिवशींही येईल, एखादे वेळी. सांगून येत नाही ती."

मी दुसरीकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्या इस्त्रीच्या वेष्टीची टिंगल करत होतो.

साहेबांनी कापी घेतली, मामांना हात जोडले, आणि काही आठवड्यांनी थांबा काढला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढला असता. गावाने चार दिवस निषेध केला, पाचव्या दिवशी फाटकाचे दोन्ही पक्ष पुन्हा वेगळे झाले, थांबा कुणामुळे गेला यावर. एक्स्प्रेस आता धडधडत निघून जाते. मामा ओसरीवरून तिच्याकडे पाठ करून बसतात. मामींनी मला फोनवर सांगितलं, "जेवतात, पण मत देत नाहीत हो कशाबद्दल. सांबारात मीठ जास्त झालं, तरी गप्प."

पोंगलच्या आदल्या दिवशी ते तंजावूरला आमच्या दारात उभे. बसने आले होते. लेक त्या एक्स्प्रेसने येणार, आपल्याच घरावरून पुढे जाणार आणि तंजावूरला उतरणार. "टॅक्सीने घरी येईन, तुम्ही येऊ नका, म्हणाली," मामा म्हणाले. "तिला काय कळतं!" आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. एवढा मोठा प्लॅटफॉर्म, नक्की कुठे उभं राहायचं ते त्यांना समजेना. डबा पुढे येईल की मागे, हे त्यांनी तीन हमालांना विचारलं. गाडी आली तेव्हा ते भलत्याच टोकाला होते, आणि लेकच बॅग ओढत त्यांच्याकडे धावत आली.

"अप्पा, घर दिसलं मला," ती म्हणाली. "अम्मा अंगणात रांगोळीचा कोलम घालत होती. मी गाडीच्या दारातून हात केला. पाहिलंच नाही तिने."

टॅक्सी करू, असं मी म्हणालो. मामांनी ऐकलं नाही. संध्याकाळची पॅसेंजर गावाला अजून थांबते. त्या गाडीनेच जायचं ठरलं, आणि सणाची पिशवी पोचवायला मीही बरोबर निघालो. मामांनी तिकीट काढताना गावाचं नाव असं ठणकावून सांगितलं की मागचा मनुष्य दचकला. गाडीत त्यांनी खिडकीची जागा घेतली. कितीतरी वर्षांनी ते आगगाडीत बसले होते, आणि लहान मुलासारखे गजांना धरून होते. शेतं गेली, वेण्णार नदीचा पूल गेला, उन्हं उतरली.

आमच्या बाजूने येताना सगळं गाव आधी लागतं आणि स्टेशन शेवटी. गिरणीची चिमणी आली. कोविलाचं, गावच्या देवळाचं, लहान गोपुर आलं. मग फाटक, फाटकात अडकलेली चार माणसं, मामींनी लावलेला ओसरीवरचा दिवा. मामा काहीतरी दाखवायला हात वर करत होते, तोवर ते मागे गेलं. गाडीचा वेग कमी झाला आणि समोर प्लॅटफॉर्म आला.

मामांचा हात तसाच वर राहिला. "एवढंच काय गे?" ते लेकीला म्हणाले. "झालं गाव?"

मी हसू दाबलं, आणि मग लक्षात आलं की हसू येतच नव्हतं.

लेकीने वरच्या फळीवरून बॅग काढली. "एवढंच आहे, अप्पा," ती म्हणाली. "चला, मिनिटभरच थांबते ही." आणि त्यांचा वर राहिलेला हात धरून तिने त्यांना सावकाश पायरीवरून खाली उतरवलं.