सातव्या अटीची किंमत

भालेराव सर वर्तमानपत्र वाचत नसत, मोजत असत. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, सर सहा इंची स्टीलची पट्टी ठेवत. दर शुक्रवारी माझं चार पानी साप्ताहिक हातात पडलं की मथळ्याकडे ढुंकूनही न पाहता ते ती पट्टी पानावर आडवी-उभी फिरवायला लागत. भिवंडीत यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा अंकही शुक्रवारी. बाकीचे सहा दिवस गावात असा खडखडाट की नवरा-बायकोला साधं भांडायचं तरी तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल एवढं ओरडावं लागतं. माझा आवाज त्या खडखडाटावर पोसलेला, आणि माझ्या गोष्टीही. ओळखीची माणसं माझं बोलणं ऐकताना रुपयातले चार आणे आपणहून वजा करतात. तुम्हीही करा, माझी हरकत नाही. फक्त एका ठिकाणी करू नका. ते ठिकाण आलं की सांगेन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा माझ्याकडे जाहिराती लावायची पद्धत एकच होती: जो जास्त जोरात ओरडेल त्याला चांगली जागा. त्यामुळे मिठाईवाल्याच्या शेजारी मूळव्याधीचा वैद्य येई. एकदा दोन कापडवाले शेजारीशेजारी छापले गेले, तर दोघं माझ्याच छापखान्यात येऊन एकमेकांवर तागे फेकू लागले. मी अर्धा तास पॉपलीनखाली गाडला गेलो होतो. (चार आणे.) त्याच दिवशी दारात एक सावळा, शिडशिडीत माणूस उभा राहिला. शर्टाच्या बाहीवर खडूची पूड. जुनिअर कॉलेजात गणित शिकवतो, नारपोलीला राहतो, असं त्यानं सांगितलं आणि माझा अंक टेबलावर पसरला.

"कर्णिकसाहेब, गेल्या अंकात तुम्ही एकशेचाळीस कॉलम-सेंटीमीटर जागा वाया घालवलीत."

"वाया कसली? पान तर गच्च भरलंय!"

"गोदामही गच्च भरता येतं. पण दाराशी रद्दी आणि मागे रेशीम असं कुणी भरत नाही."

जागा किती, कुठल्या पानाचा दर काय, कुठल्या गिऱ्हाइकाला किती मोठी जाहिरात हवी, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं एकदा अटींच्या रूपात मांडलं की त्यातून जास्तीत जास्त नफ्याचं एकच उत्तर निघतं, असं सरांचं म्हणणं. मला वाटलं, माणूस ज्योतिषी असावा. पण पुढच्या मंगळवारी ते खरोखरच कागद घेऊन आले. कापडाची डिझाइनं काढायला माग-कारखानदार जो बारीक चौकड्यांचा कागद वापरतात, तोच. त्यावर माझी चारही पानं आखलेली, प्रत्येक जाहिरातीचा चौकोन भरलेला, आणि बाजूला अटींची यादी. पहिल्या पानावर चौथाईच्या वर जाहिरात नको. दोन कापडवाले एका पानावर नकोत. मिठाई आणि मूळव्याध यांच्यात निदान एक पान असावं. सहावी अट अशी की अर्धी जागा तरी बातम्यांना हवी.

"नाहीतर लोक तुमच्या अंकात भजी बांधतील."

"आत्ताही बांधतात, सर."

"आत्ता वाचून बांधतात."

नफा वाढला. किती वाढला हे मी गावात ज्या आकड्यांनी सांगत फिरलो, त्या हिशोबानं मी तेव्हाच दोन यंत्रमाग आणि एक हत्ती विकत घ्यायला हवा होता. प्रत्यक्षात एक स्कूटर आली. ही युक्ती आपल्याच डोक्यातून निघाली, असंही मी चहाच्या टपरीवर ठोकून दिलं. सर तिथंच उभे होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि एवढंच म्हणाले, "सूत्र वापरणाऱ्याचं असतं."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्याऐवजी यादीत एक सातवी अट घातली. तिसऱ्या पानावर खाली उजवीकडे, दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच, एवढा कोपरा विकायचा नाही. गावात ज्याच्या घरी माणूस गेलं असेल त्याचं पुण्यानुमोदन, तेरावं, चाळिसावं, ज्याचं जे असेल ते, तारीख-वेळेसकट तिथं फुकट छापायचं.

"माझे वडील गेले तेव्हा आत्याला सहाव्या दिवशी कळलं," सर म्हणाले. "दापोड्याला असते ती. एसटीनं अर्ध्या तासाचा रस्ता. दारात येऊन विचारती झाली, दादा कुठं हाय?"

मी ताबडतोब हो म्हटलं. फुकट गणित मिळत असताना कोपऱ्याचं काय एवढं!

सरांची एक खोड मात्र मला शेवटपर्यंत कळली नाही. म्हणजे कळली, पण उशिरा. प्रत्येक अटीसमोर ते लाल पेन्सिलीनं एक आकडा लिहीत: ही अट काढून टाकली तर या अंकात किती रुपये जास्त मिळतील. सातव्या अटीसमोर बहुतेक वेळा साठ असायचे.

"तुमच्याच अटीची किंमत तुम्हीच कशाला लिहिता, सर? मला मोह होईल."

"व्हायला हवा," ते म्हणाले. "किंमत माहीत असून पाळतो ती अट. माहीत नसताना पाळली, तर ती नुसती सवय."

कोपरा असा चालला की विचारू नका. नारपोलीच्या चाळींतून, आसपासच्या गावांतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. ज्यांना लिहिता येत नसे ते सरांकडे जात; म्हणून निम्म्या चिठ्ठ्या सरांच्याच अक्षरात असत. हळूहळू घरोघर माणूस धाडून सांगावा देण्याची पद्धतच मोडली. कुणी गेलं की लोक म्हणायचे, शुक्रवारी कोपऱ्यात येईल.

त्या कोपऱ्याची सगळ्यात मोठी वाचक निरक्षर होती. सरांची आई, सोनाबाई. एका शुक्रवारी मी स्कूटर दाखवायला नारपोलीला त्यांच्या खोलीवर गेलो, तर म्हातारी उंबऱ्यात बसून मुलाला हुकूम सोडत होती, "आरं मास्तर, पट्टी ठेव खाली. कोपऱ्यात कोन हाय ते वाच आधी."

सरांनी नाव वाचलं. कुणी सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधला कामगार.

"आपल्या वळखीचा हाय?"

"न्हाय, आई."

"मंग तर जायालाच पायजे. वळखीचे जातीलच की." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पेपरवाला का? बस. चा घे. तुज्या पेपरानं माजे पाय दुखायला लागले बघ."

पुढच्या दोन-तीन वर्षांत ती किती दारांत जाऊन बसली असेल, देव जाणे. मी हजार सांगतो. चार आणे वजा करून साडेसातशे घ्या.

आता पुढचं सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो, तेव्हा जरा जवळ या.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीचा अंक होता. दर मंगळवारी सर स्वतः येत. त्या मंगळवारी त्यांच्या चाळीतल्या कुणाच्या तरी हाती पाकीट आलं. "मास्तरांनी दिलंय," एवढं म्हणून तो ड्युटीवर पळाला. माझ्यासमोर सूटिंग-शर्टिंगचा एक नवा दुकानदार बसला होता, आणि त्याला तिसऱ्या पानाचा उजवा खालचा कोपराच हवा होता. अंक घडी करून हातात धरला की तोच भाग वर राहतो, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. मी पाकीट फोडलं. नेहमीसारखी आखलेली पानं, नेहमीसारखी सात अटींची यादी. सातवीसमोर लाल आकडा: तीनशे दहा.

कागदाच्या मागे टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती. ती मी पाहिलीच नाही, असं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. पाहिली होती. सरांचं अक्षर, वर 'कालकथित' हा बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी लिहितात तो शब्द आणि खाली 'नारपोली'. मधलं वाचलं नाही. सरांच्या लोकांतलं कुणीतरी असेल, असं मनात आलं. शब्द नेमके हेच आले. चिठ्ठी काढली, टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटखाली सरकवली आणि पानं जुळवणाऱ्या युनूसभाईला सांगितलं, कोपऱ्यात सूटिंग लाव.

युनूसभाई वीस वर्षं शिशाचे मराठी खिळे जुळवणारा माणूस. हात थांबवून म्हणाला, "साहब, ये मास्टरजी का कोना है. इधर ॲड नहीं जाती."

"एक हफ्ता. मास्तरांना मी समजावतो."

"आप समझाओगे?" तो म्हणाला, आणि मान खाली घालून कामाला लागला.

सोमवारी तीच चिठ्ठी पुढच्या अंकासाठी जुळवायला त्यानं हातात घेतली. बराच वेळ खिळ्यांचा आवाज येईना म्हणून मी वर पाहिलं. त्यानं चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "ये मास्टरजी की माँ है, साहब. कल था."

कालकथित सोनाबाई. सोमवारी निधन. पुण्यानुमोदन रविवारी सकाळी दहा वाजता. ज्यांच्या ज्यांच्या सुखदुःखात ती आली, त्या सर्वांनी यावे.

आई गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्या माणसानं माझ्या जाहिरातींचं गणित सोडवलं होतं. नेमानं, सातही अटींसकट, लाल आकड्यांसकट.

मी नारपोलीला गेलो तेव्हा चाळीसमोर मंडपवाल्याचा टेम्पो उभा होता आणि लोखंडी खुर्च्या त्यात चढत होत्या. शंभर मागवल्या होत्या, मंडपवाल्याचा माणूस म्हणाला. आई इतक्या घरी गेलेली, लोक मावणार नाहीत, असं मास्तरांना वाटलं होतं. दापोड्याहून कुणी नाही, आसपासच्या गावांतून कुणी नाही. कोपऱ्यात नाव नाही, म्हणजे पुढच्या रविवारी असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. चाळीतले शेजारी तेवढे आले. अकरा.

सर ओट्यावर बसले होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हे: "सर, काय झालं, ऐन वेळी मशीन..."

"किती मिळाले?" सरांनी विचारलं.

"दोनशे चाळीस."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. मला वाटलं, आता फेकून मारतील. मारली असती तर आज मी हे सांगत बसलो नसतो. त्यांनी ओट्यावर पडलेला माझाच अंक उलगडला आणि पट्टी लावली.

"उत्तर चुकलंय, कर्णिकसाहेब. अट काढली की गणित पहिल्यापासून मांडावं लागतं. तुम्ही नुसता एक चौकोन खोडलात. सूटिंगवाला इथं, म्हणून हा तेलवाला वर सरकायला हवा होता. मग पहिल्या पानावर जागा झाली असती." त्यांनी कडेला आकडा लिहिला. "तीनशे दहा आले असते. काढायचीच होती, तर मला सांगायचं. मांडून दिलं असतं."

आवाज वर्गात फळ्याशी बोलावं तसा होता. पण आकड्याखाली सरांनी आखलेली रेघ मी पहिल्यांदा वाकडी पाहिली.

"मी पुढच्या अंकात मोठी छापतो, सर. चौकटीत."

"आता कुणाला बोलावणार?" ते म्हणाले, आणि पट्टी खिशात ठेवून खुर्च्या मोजून द्यायला उठले.

एवढ्यावर तरी माझी जीभ शहाणी व्हावी ना! पुढच्या अंकात मी छापलं: तांत्रिक कारणास्तव गेल्या अंकात एक निवेदन प्रसिद्ध होऊ शकले नाही, क्षमस्व. शनिवारी सर छापखान्यात आले. त्यांनी त्या क्षमस्वावर पट्टी ठेवली. "दोन सेंटीमीटर," ते म्हणाले. "आणि कारण तांत्रिक नव्हतं." मग त्यांनी टेबलावर एक वही ठेवली. सगळी रीत उदाहरणांसकट, बाळबोध अक्षरात, माझ्यासारख्यालाही कळेल अशी. अटींची यादी सहांवर थांबत होती. सातव्या आकड्यापुढे जागा कोरी होती. "अट ज्याची त्यानं घालावी," ते म्हणाले. त्यानंतर ते छापखान्यात आले नाहीत. रस्त्यात भेटले तर नमस्कार करत, पहिल्याइतकाच. पुढे निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला गेले.

सातवी अट मी स्वतःच्या हातानं लिहिली. कोपरा पुन्हा राखला, दर आठवड्याला, दिवाळीतही. चिठ्ठ्या मात्र आल्या नाहीत. लोकांनी पुन्हा सांगावे धाडायला सुरुवात केली होती. नव्वदीत साप्ताहिक बंद पडेपर्यंत तिसऱ्या पानावर तो पांढरा चौकोन निघत राहिला. वाचकांना वाटे, छपाईत काहीतरी राहिलं. वहीत सातव्या अटीसमोर मी दर मंगळवारी लाल पेन्सिलीनं किंमत लिहीत असे.

ही गोष्ट मी टपरीवर बऱ्याच वेळा सांगितली आहे. कधी मशीन मोडलं, कधी चिठ्ठी वाऱ्यानं उडाली, कधी पाकीटच पोचलं नाही. माणसांचा आकडाही ऐकणाऱ्याचं तोंड पाहून बदलला. कुणाला चाळीस सांगितली, कुणाला साठ. वाढवून सांगायची सवय आयुष्यभराची, पण तिचा असा उपयोग त्याआधी कधी केला नव्हता.

मघाशी म्हटलं होतं ते ठिकाण हे. खुर्च्या शंभर होत्या. माणसं अकरा आली. यातून काही वजा करू नका.