टेपचं दुसरं टोक

आमच्या सोलापुरात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं, आणि मामा प्यायच्या बाटलीतलं अर्धं पाणी भर उन्हात जमिनीवर ओतायचे. नव्या लेआउटच्या जागेवर पाऊल टाकलं की पहिलं काम हेच. मग उकिडवे बसून धार कुठे वळते ते बघायचे. आसपासच्या बायका करवादायच्या, पण मामांना त्याचं काही नसे. "जमिनीला इचारल्याबिगर रेघ मारू नये, म्याडम," एवढंच मला सांगायचे.

मामा म्हणजे आमच्या महापालिकेच्या कचेरीतले मोजणीचे शिपाई; सगळे त्यांना मामाच म्हणायचे. अक्कलकोटकडचे, कपाळाला विभूती. बोलणं मराठी, मोजणं मात्र कानडी. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं धरून "ओंदु, एरडु, मूरु" करत ते बाभळीच्या काट्यांतून सरळ जायचे. मी नवी कोरी इंजिनिअर. पदवीचा तोरा भरपूर, ऊन मात्र सोसत नव्हतं.

अक्कलकोट रोडला, कारखान्यांच्या पलीकडे एक लेआउट निघाला. चादरीच्या मागांवरचे कामगार तिथे प्लॉट घेणार होते. जागेच्या मधून एक खोलगट पट्टा जात होता. त्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, पाण्याचा टिपूस नाही. मी नकाशावर ठोकून दिलं, 'गाडीवाट'. गाडीवाट बुजवून वर प्लॉट पाडता येतात, त्यामुळे साहेबही खूश.

मामांनी बाटली उपडी केली. धार चाकोरीत शिरली आणि उताराला लागली.

"म्याडम, ह्यो वडा हाय. उन्हाळ्यात गाड्या जात्यात म्हणून काय गाडीवाट झाली व्हय?"

"मामा, साहेबांना आज अहवाल हवाय. टोक धरा."

त्यांनी टेप खाली ठेवला. "न्हाय धरनार. हितं ऱ्हानाऱ्याच्या चुलीत पानी शिरंल, तवा तुमी-आमी कुटं असू?"

मला राग आला, लाजही वाटली. टेप काही एकटीने लागत नाही. तासभर बाभळीखाली बसून मी नकाशावरचा उतार पुन्हा पुन्हा तपासला. शेवटी 'गाडीवाट' खोडून मीच 'ओढा' लिहिलं. साहेबांनी मला झापलं आणि मामांना आवक-जावक टेबलाला बसवलं. "सावली हाय की हितं," एवढंच ते म्हणाले.

घरं झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तो ओढा कंबरभर पाण्याने वाहिला. दोन्ही काठांची घरं कोरडी राहिली. मामांना सांगितलं, तर त्यांनी हातातल्या टपालावर शिक्का मारला.

मामा गेल्या वर्षी वारले. आता मोजणीला यंत्र आलंय, टोक धरायला माणूस लागत नाही. सही मात्र लागते. मागच्या आठवड्यात त्याच ओढ्याची फाइल माझ्याकडे आली: ओढा पाइपात घालायचा, वर दुकानगाळे. "सगळं मोजून झालंय, फक्त तुमची सही," नवे साहेब म्हणाले.

आज सकाळीच मी जागेवर गेले. बाटलीतलं अर्धं पाणी ओतलं, उकिडवी बसले. धार अजून तिकडेच वळते. मामांची फार आठवण आली. कचेरीत येऊन फाइल साहेबांच्या टेबलावर तशीच परत ठेवली.

"न्हाय धरनार," मी म्हणाले.

सही झालेली नाही. माझ्या हातून होणारही नाही.