कल म्हणजे कोणता दिवस

मंगळवारी माझे यजमान वारले. घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. दिवसकार्य उरकल्यावर मी कॉलेजात गेले, कारण रंजनाचा संशोधनाचा प्रस्ताव कमिटीपुढे होता.

मी बनारसच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. रंजना माझी विद्यार्थिनी, रामनगरची, वॉर्डातली नर्स. विषय तिला वॉर्डातच सापडला. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते, त्याला हँडओव्हर म्हणतात. घाईत क्रियापद गळतं. "बेड सात, सोनोग्राफी, कल." हिंदीत कल म्हणजे कालही आणि उद्याही. पुढच्या नर्सला वाटलं, झाली काल. तिने म्हाताऱ्या अम्मांना सकाळी चहा-बिस्किट दिलं. तपासणी उपाशीपोटी करायची होती. ती टळली आणि अम्मा पुन्हा उपाशी राहिल्या.

रंजनाचं म्हणणं असं: नर्सांबरोबर बसून ठरवायचं की कल म्हणायचं नाही, वार सांगायचा. मग चुका कमी होतात का, ते पाहायचं. प्रश्न कामातला, उत्तरही कामातच तपासायचं. असं संशोधन मी शिकवते.

प्राचार्य म्हणाले, "मैडम, ये रिसर्च है? कल की जगह बुधवार बोलो? प्रश्नावली बनवाइए, नर्सों का ज्ञान नापिए."

"ज्ञान में सब पास होंगी, सर. अम्मा भूखी ही रहेंगी."

"आप अभी दुख में हैं. गाइड किसी और को बना देते हैं."

"दुख घर पर है, सर. यहाँ मैं गाइड हूँ. विषय नहीं बदलेगा."

रंजना खाली बघत होती. प्राचार्यांनी फाइल मिटली. "अच्छा, कल वाला ड्राफ्ट दिखाइए."

रंजनाने मान वर केली. "सर, जो दे चुके हैं, या जो देना है?"

कमिटीतल्या सर्जनबाई आधी हसल्या, मग बाकीचे. प्राचार्य हसले नाहीत. "एक ही वार्ड में," म्हणाले आणि सही केली.

त्या वॉर्डात आता वार सांगतात. चुका कमी झाल्या, थांबल्या नाहीत. रंजनाने प्रबंधात तेही लिहिलं. यातून शिकायचं ते एवढंच: प्रश्न जिथे काम अडतं तिथे शोधावा, जुन्या प्रबंधांच्या कपाटात नाही.

जेवण झालं की यजमान कुठल्याही कामाला "उद्या बघू" म्हणायचे. मराठीत उद्या म्हणजे उद्याच. घरात तो शब्द आता मी एकटीच म्हणते.