जनरल माल

दाजींना नाही म्हणायचं नाही, हे मृणालीच्या माहेरी कुणाला शिकवावं लागत नसे. आक्काचा नवरा म्हणजे घरचा पहिला जावई. त्याने भात मऊ झालाय म्हटलं की भात मऊच झालेला असे. या दाजींनी, म्हणजे मनोजने, धामणकर नाक्यावर सॉफ्टवेअरची कंपनी काढली आणि मूल मोठं झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या मेहुणीला तिथे घेतलं. हे उपकार ते विसरले नाहीत, तिलाही विसरू देत नसत.

नवं सॉफ्टवेअर चालू करण्याआधी त्यात काय काय बिघडू शकेल ते शोधायचं आणि प्रत्येक धोक्यापुढे 'कमी', 'मध्यम' किंवा 'जास्त' लिहायचं, हे मृणालीचं काम. ऑफिसातली पोरं पाठीमागे तिला अपशकुनी मावशी म्हणत. तिला ते ठाऊक होतं. तीही त्यांच्या चुका शोधताना हात आखडता घेत नसे.

या वेळचं सॉफ्टवेअर अंजूरच्या एका गोदामासाठी होतं. ट्रकमधून उतरलेला माल कुठे ठेवायचा, हे आता कॉम्प्युटर ठरवणार होता. आजवर ते स्टोअरकीपर रामनाथ ठरवायचा, तोही नाकाने. कारण तिथे येणारा निम्मा माल कागदावर 'जनरल' म्हणून उतरे. ठिणगीने पेटणारं थिनर असो, स्प्रे असो, 'जनरल' लिहिलं की कुणी काही विचारत नाही. हे दाजींना माहीत होतं, गोदामाच्या शेठला माहीत होतं, अख्ख्या अंजूरला माहीत होतं. रामनाथ पिंपाजवळ वाकून वास घ्यायचा आणि ते लांबच्या भिंतीकडे न्यायला लावायचा. सॉफ्टवेअरला नाक नव्हतं. 'जनरल' म्हणजे कुठेही चालेल, असं त्याला शिकवलं होतं. चाचणीत त्याने थिनरची पिंपं गाद्यांच्या शेजारी ठेवली, जिथे फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज होतात त्याच ओळीत.

मृणालीने 'जास्त' लिहिलं. तिचा मुलगा भाविक त्याच गोदामात स्कॅनर घेऊन उभा असे.

"हे काय लिहिलंयस?" दाजींनी सगळ्यांदेखत स्क्रीन तिच्याकडे फिरवली. "सोमवारी चालू करायचंय. शेठला काय सांगू, माझ्या मेहुणीला वास येतो म्हणून?"

पोरं हसली.

"माल काय आहे ते विचारल्याशिवाय सॉफ्टवेअरने जागा देऊ नये. तेवढं बदला, मी 'कमी' लिहिते."

"महिना जाईल त्यात. आणि खरं सांगणार कोण? ट्रकवाला?"

"म्हणूनच तर 'जास्त' लिहिलंय."

"पोरगा आत आहे म्हणून फाटलीय तुझी. दुसरं काही नाही."

"हो. माझा आहे आत. तुमचं कोण आहे?"

दाजींनी खुर्ची जवळ ओढली, आवाज उतरवला. "भाविकला उद्यापासून इथे बसव. एसीत. झालं? आता लिही 'कमी'."

मृणालीचा जीव एकदम हलका झाला. भाविक इथे, डोळ्यांसमोर. तिची बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. मग तिला रामनाथ आठवला, आणि भाविकच्या डब्यातली भाजी रोज पळवणारा, त्याच्याबरोबर काम करणारा पोरगा. भाविक उठला की त्याच्या जागी तोच उभा राहणार होता. त्याच्या आईला कुणी एसी देऊ केला नव्हता.

तिने 'कमी' लिहिलं. त्याच ओळीत 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. तिथे सगळे 'टीम' लिहून मोकळे होत, म्हणून तिनेच मागे हट्टाने नियम घालून घेतला होता: एका माणसाचं पूर्ण नाव नसेल, तर कागद पुढे जाणार नाही. तिने तिथे दाजींचं नाव आडनावासकट टाइप केलं.

"घ्या. पाठवा."

दाजींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "माझं नाव कशाला? काढ ते."

"धोका कमी आहे ना?"

"काढ म्हणतोय ना!"

"तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणाचं घाला."

दाजींनी नाव पुसलं. मान वर करून एकेकाकडे पाहिलं. प्रत्येकाला आपल्या स्क्रीनवर अचानक काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं होतं. रकाना रिकामाच राहिला. शेवटी त्यांनी फोन उचलला. "शेठ, सोमवार नहीं हो पायेगा... नहीं, थोडा काम बाकी है." फोन ठेवून ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "पर्स उचल. उद्यापासून येऊ नकोस."

घरी, कामतघरला जायला ती रिक्षात बसते तोच आक्काचा फोन आला.

"काय केलंस गो तू? हे तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाय बोलतान."

"नको ठेवू देत."

"नोकरी गेली, आता काय खाशील?"

मृणालीने पर्समधले सुटे पैसे चाचपले. मग आक्काने विचारलं, "भाविक कुठं हाय?"

"गोदामात. ड्युटीवर."

"आनि तो वासवाला, तू सांगतेस तो?"

"तोही आहे," मृणाली म्हणाली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, कामतघर नहीं, अंजूर चलो."

सोमवार टळला होता. तरी तिला एकदा स्वतः बघून यायचं होतं.