पोळ्याला रंगवलेली इटालियन मोटारसायकल

चेसिस नंबर सापडत नव्हता. शिरड शहापूरला दत्तरावांच्या गोठ्यात मी गुडघे टेकून टॉर्च मारत होतो आणि मला दिसत होता फक्त रंग. वर हिरवा, त्याच्या टवक्याखाली पिवळा, पिवळ्याखाली निळा. नंबर म्हणावा असं काहीच नाही.

मी मोटार सर्व्हेअर. गाडी ठोकली की नुकसान किती झालं ते इन्शुरन्स कंपनीला सांगणारा माणूस. हिंगोली जिल्ह्यात माझी बरीचशी नोकरी उलटलेल्या ट्रॉल्या आणि चेपलेल्या जीपा बघण्यात गेली. अधूनमधून जुन्या गाडीचं व्हॅल्युएशनही करतो. हे काम पुण्याच्या साने नावाच्या डीलरचं होतं. दुर्मिळ जुन्या गाड्या विकणं हा त्यांचा धंदा. कुणीतरी त्यांना दत्तरावांच्या मोटारसायकलचा फोटो पाठवला आणि ते जागचे हलले.

"इंग्लिश गाड्या आपल्याकडे ढिगानं निघतात," ते फोनवर म्हणाले होते. "इटालियन मोटारसायकल आलीच कुठं? तिला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, गाडी शोधावी लागते. फक्त नंबर मॅच झाले पाहिजेत. नाहीतर मी हात लावणार नाही."

नंबर मॅच होणं म्हणजे इंजिनावर आणि फ्रेमवर ठोकलेले दोन्ही नंबर आरसी बुकातल्या नंबरांशी तंतोतंत जुळणं. इंजिनाचा जुळला. तेलकटपणामुळे तिथं रंग टिकलाच नव्हता. फ्रेमचा, म्हणजेच चेसिस नंबर हँडलखाली, गाडीच्या गळ्यावर असतो. तिथं बोटभर रंग साचला होता.

दत्तराव सत्तरीकडे झुकलेले, हळदीचे शेतकरी, बोलायला मोजके. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील धरणाच्या कामावर मुकादम होते. तिथला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना ही त्यांच्या नावावर करून गेला. पुढे घरात ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली आणि पोळ्याला दावणीला जनावरच उरलं नाही. पोळा मोकळा कसा जाऊ द्यायचा म्हणून वडिलांनी ही गाडी धुऊन अंगणात उभी केली, तिला ऑइल पेंट मारला, बेगड चिकटवली, पुरणपोळीचा घास हेडलाइटला लावला. तेव्हापासून दर पोळ्याला एक हात रंगाचा. वडील गेले तरी चालूच राहिलं.

आता दत्तरावांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. किक बसत नव्हती. नवरा-बायको दोघं लेकीकडे नांदेडला राहायला निघाले होते आणि वसमतचा एक भंगारवाला वजनावर गाडी मागून राहिला होता. दत्तरावांना ते नको होतं. गाडी तिची कदर असलेल्या माणसाकडे जावी, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या रिपोर्टात नंबर आला नाही तर साने माघार घेणार आणि भंगारवाला परत येणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

मी किक मारून पाहिली. तिसऱ्या किकेला गाडी बोलली. हिचा सिलिंडर आडवा झोपलेला, आणि इंजिनाच्या बाहेर भाकरीच्या तव्याएवढं फ्लायव्हील उघड्यावर गरगरतं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाची लय टिकवणारं जड चाक. ते एवढं जड की इंजिन अगदी सावकाश, एकेक ठोका सुटा देत चालतं. सर्व्हेअरनं गाडीच्या प्रेमात पडायचं नसतं. मी पडलो. ती बंद करावीशी वाटेना.

बंद केली आणि कामाचं बोललो. गळ्यावरचा रंग काढावा लागेल.

"रंगाला हात लावायचा न्हाई," दत्तराव म्हणाले.

मी समजावलं. चार बोटं जागेचा प्रश्न आहे, बाकीची गाडी आहे तशी राहील. ते ऐकेनात. सगळ्यात खालचा हात वडिलांचा होता. तो खरडून काढायचा आणि मग गाडी विकायची, हे त्यांना दुहेरी पाप वाटत होतं. विकणं तरी नाइलाजाचं होतं. मी पुण्याला फोन लावून पाहिला. साने म्हणाले, नंबर नसेल तर विषय संपला. मी बॅग आवरायला घेतली. खरं सांगतो, वाईट वाटत होतं.

त्यांच्या पत्नी गयाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप माझ्या हातात देऊन त्या नवऱ्याकडे वळल्या.

"बैलाची शिंगं रंगवायच्या आधी मामंजी काय करत व्हते?"

दत्तरावांनी मान वर केली.

"साळत व्हते ना? जुना रंग खरडून, शिंग गुळगुळीत करून मंग नवा हात. हिला तुमी कधी साळलंच न्हाई. सालोसाल रंगावर रंग थापून राहिलाव. त्यात मामंजीचा कोणता मान?"

दत्तरावांनी गाडीच्या गळ्यावरून हात फिरवला. मग उठून आतून थिनरचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "मीच काढतो."

मी फक्त पॉलिश पेपर वापरू दिला नाही. त्यानं आकडे झिजतात आणि नंबरात फेरफार केल्यासारखं दिसतं. थिनरमध्ये चिंधी भिजवायची, रंग फुगू द्यायचा, लाकडाच्या पट्टीनं अलगद सोडवायचा. हिरवा गेला, पिवळा गेला, निळा गेला. मग कितीतरी हात आले. दत्तराव मधेच थांबायचे, कोणता रंग कोणी आणला होता ते गयाबाईंना विचारायचे. शेवटी खाली गडद लाल निघाला. तो ऑइल पेंट नव्हता, कंपनीचा होता, आणि त्यात आकडे ठोकलेले होते. मी त्यावर कागद धरून पेन्सिल घासली. कागदावर नंबर उमटला. आरसी बुकाशी बराबर जुळला.

मूळ रंग शाबूत आहे असं कळल्यावर साने दुसऱ्याच दिवशी पिकअप घेऊन हजर झाले. पोळ्याच्या रंगानं पाऊस, गंज सगळं बाहेर ठेवलं होतं. त्यांनी स्वतः किक मारली, फ्लायव्हीलकडे लहान पोरासारखं बघत राहिले. व्यवहार अर्ध्या तासात झाला.

गाडी चढवायच्या आधी दत्तराव पाना घेऊन वाकले आणि क्लचची वायर काढून घेतली. साने माझ्याकडे बघायला लागले. गाडी कम्प्लिट असल्याचं मीच कळवलं होतं.

"अहो, क्लच वायरीशिवाय चालवू कशी?"

"जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत, सायेब," दत्तराव म्हणाले. "नवं दावं घेणाऱ्यानं आणायचं."

सान्यांनी मान डोलावली. गयाबाईंनी हेडलाइटला कुंकू लावलं. पिकअप वळणाआड गेली तशी दत्तरावांच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्यांनी ती पुसायची घाई केली नाही. मग ते गोठ्यात गेले. तिथं खुंटीवर विकलेल्या बैलांची दावी टांगलेली होती, धुरानं काळी पडलेली. त्यांच्या शेजारी त्यांनी ती वायर गुंडाळून अडकवली.

मी जीपच्या बॉनेटवर रिपोर्ट ठेवून 'कम्प्लिट'पुढे लिहिलं, क्लच वायर विक्रेत्याकडे. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो मोकळा सोडला. हल्ली व्हॅल्युएशनला गेलो की मालकाला पहिल्यांदा हेच विचारतो, यातलं तुम्ही काय ठेवून घेणार?